नखातली अफू

"उठत नाई वो बाई! सकाळपासून उठूनच नाई राह्यली!"

पार्बतानं पोर माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. पाच महिन्यांची शकुन. माझ्याच हातावर जन्मलेली. केसांत, भुवयांत, नाकाशी कापसाचे तंतू चिकटलेले. नाकाशी चिकटलेला तंतू हलतोय का, तेवढं मी आधी पाहिलं. हलत होता, पण फारच सावकाश. घड्याळ समोर धरून मोजलं, तर मिनिटाला नऊ श्वास. एवढ्या पोरीला तीस-चाळीस तरी हवेत. पापणी वर केली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"काय दिलंस हिला?"

"दूध देल्लं."

"दुधाआधी?"

"काई नाई."

"पार्बता, माझी आई जिनमध्येच राबायची. वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस माझ्यापुढं."

तिनं करंगळी पदरात लपवली.

आता आमच्या गावची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साल एकोणीसशे एकोणसाठ, वऱ्हाडातलं बोरखेडी. मी चोवीस वर्षांची, नागपूरला शिकून आलेली, नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स. कौसल्या घोडेस्वार, पण गावाला नुसती 'नर्सबाई'. गावात कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, त्याला सगळे मोठी जिन म्हणायचे. हंगामात दीडशेवर बाया तिथं राबायच्या, सकाळी सातच्या भोंग्यापासून संध्याकाळपर्यंत. शेतात एक बरं असतं. बाभळीला झोळी टांगता येते, पोर रडलं तर खुरपं टाकून पाजता येतं. जिनमध्ये झोळी टांगणार कशाला, यंत्राच्या पट्ट्याला? घरी ठेवावं तर सासूही जिनमध्येच. म्हणून पोरं बरोबर आणायची, रुईच्या ढिगाकडेला ओळीनं निजवायची, आणि दिवसभर निजून राहावीत म्हणून अफू द्यायची. फाटकाशी बनाबुढी बसायची. बाया करंगळी पुढं करायच्या, बुढी नखात मोहरीएवढी अफू भरायची, आणि आई ते नख पोराच्या तोंडात द्यायची. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं. मीसुद्धा तशीच वाढले.

पूर्वी अफू बाजारातल्या परवान्याच्या दुकानात मिळायची. त्या वर्षी सरकारनं आमचं ते दुकान बंद केलं. मला कोण आनंद झाला होता! पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आता गावातून अफू गेली, असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

गेली कसली! दुकान गेलं, भोंगा तर तसाच वाजत होता.

"वामनराव, गरम पाणी आणा. कोरामिनचं इंजेक्शन काढा." डॉक्टर बिडकर अकोल्याला गेलेले, संध्याकाळी येणार. दवाखान्यात मी आणि कंपाउंडर वामनराव, दोघंच.

"केसपेपर आधी करू का, बाई?" वामनराव म्हणाले. त्यांना कागदाशिवाय घास गिळवत नसे.

"पोरगी आधी!"

श्वासाला जोर यावा म्हणून मी इंजेक्शन दिलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. शकुननं तोंड थोडं वाकडं केलं आणि परत गुंगीत गेली. श्वास सात झाले. मग मी तिच्या तोंडावर तोंड ठेवून हळूच हवा द्यायला लागले. मध्येच मान वर करून विचारलं, "कितीला निजवलं होतंस?"

"भोंग्याच्या आंधी. सातले."

"आत्ता अकरा वाजलेत! चार तास काय करत होतीस?"

"पयले वाटलं, झोपली. नऊले पाहलं तं हाततोंड थंडं. मंग..." ती थांबली.

"मग दोन तास कुठं होतीस?"

"गोदामाच्या मांगं बसली होती. इथी येऊ का नोको, येऊ का नोको, असं चाल्लं होतं."

"पोलिसांचं भेव वाटलं?"

"पोलिसाचं नाई, बाई. तुमचं."

असं कोणी मला तोंडावर कधी बोललं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ती भडाभडा सुरू झाली. "तुळसानं आनलं होतं नं लेकरू तुमच्यापाशी? तुमी वाचोलं. आन मंग कागदावर लिवलं, अफू म्हून. जमादारानं तिले तालुक्याले नेलं. अकरा दिस! अंगावर पेतं लेकरू होतं तिचं. बुढ्या बापानं गाईचं दूध पाजलं, पानी पाजलं. पोट सुटलं, नवव्या दिशी गेलं. तुळसा आली तं पाळण्यात काईच नव्हतं. तुमाले मालूम नाई काय हे?"

मालूम होतं. महिनाभरापूर्वीची गोष्ट. नियमानं लिहायचं असतं, मी नियमानं लिहिलं. पोर गेलं हे कानावर आलं तेव्हा मी मनाला सांगितलं, पोर हगवणीनं गेलं, त्यात माझं काय? असं रोज सांगत होते. मनाला पटत नव्हतं म्हणूनच रोज सांगावं लागत होतं.

मी टेबलावरची दौत आणि टाक उचलला, कपाटात ठेवला, कपाटाला कडी घातली. "घे. आज मी काही लिहीत नाही. आता खरं सांग. किती दिलं?"

"दोन मोहऱ्या."

"दोन? दोन कशापायी?"

"दुकान होतं तवा एक मोहरी पुरे. आता गाडीवाल्यायपासून घेतो, कापसाच्या गाडीत दडवून आनते थे. पयलाचा गोळा सारा गुळाचा होता, पोट्टे घंट्याभरात उठत. म्हून बुढीनं दोन दोन मोहऱ्या केल्या. काल नवा गोळा आला."

"आणि तो चोख निघाला."

तिला ते आत्ता कळलं. तिनं तोंडाशी हात नेला.

"बुढीनं आज सगळ्यांना दोन दोन दिल्या का?"

"सप्पायले."

जिनमध्ये पन्नासावर पोरं, सगळ्यांच्या पोटात त्याच गोळ्याच्या दोन दोन मोहऱ्या, आणि आया यंत्रापुढं. पोरं गप झोपलीत म्हणून समाधानात. जी पोरं मोठी होती ती निभावली असती. तान्ही होती त्यांचं काही खरं नव्हतं.

"वामनराव, इकडं या. मी करते तसं करायचं. तोंडावर तोंड, गालात मावेल एवढीच हवा. मोजत राहायचं. थांबायचं नाही."

वामनराव जागचे हलले नाहीत. त्यांचा पाण्याचा गडू कपाटात वेगळा असायचा, माझ्यामुळं. मी दवाखान्यात आले त्या दिवशी त्यांनी घरून आणला होता. त्याबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नव्हते, आणि तेही मला कधी वावगं बोलले नव्हते. आता ते एकदा पोरीकडं आणि एकदा माझ्या तोंडाकडं पाहत होते.

"वामनराव, पोरगी मरतेय!"

ते वाकले. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझं तोंड होतं तिथंच तोंड ठेवलं.

मी ओचा खोचला आणि पळत सुटले.

जिनच्या फाटकात मॅनेजर टापरे उभे होते. अंगानं भरलेला, बोलायला गोड माणूस. "या या, नर्सबाई! आज इकडं कुठं? देवी टोचायला का?"

"पोरं बघायला. यंत्रं बंद करा."

"अहो, काय बोलता! बाहेर गाड्या बघा. ऐंशी गाड्या उभ्या आहेत कापसाच्या. सेठ मला उभा चिरतील."

"चिरू देत."

मी आत शिरले. आत त्या यंत्रांचा काय तो गोंगाट, रुईची धूळ तर डोळे उघडू देत नव्हती. आणि कडेला ती ओळ. फाटक्या लुगड्यांवर, पोत्यांवर, पन्नासावर पोरं. त्यातलं एकही हलत नव्हतं. लहानपणी मीही याच ओळीत निजले असेन, पण उभं राहून ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मी खाली बसून एकेकाचा तळवा चिमटायला लागले. पहिलं कुरकुरलं. दुसरं कुरकुरलं. तिसऱ्यानं पाय ओढून घेतला. सातवं हललं नाही. त्याला उचलून कडेला ठेवलं. असं करत शेवटापर्यंत गेले, तीन पोरं निघाली. तिघंही सहा महिन्यांच्या आतली.

"ही कोणाची?" मी ओरडले. "आया कोण यांच्या? इकडं या!"

कोणी आलं नाही. बायांनी हात थांबवले होते, माझ्याकडं पाहत होत्या, पण पाऊल कोणी उचलत नव्हतं. वाघीण पाहावी तशा पाहत होत्या. त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं मी केलेली. मला रडूच यायला लागलं, पण रडत बसायला वेळ कुठं होता?

मग बायांतून बनाबुढी पुढं आली. सत्तरीची, पाठीत वाकलेली.

"तुमची कलम कुठी हाय, बाई?"

"आणली नाही."

"दाखवा."

मी कमरेची पिशवी उलटी केली. कात्री पडली, थर्मामीटर पडला, फडकं पडलं. बुढीनं वाकून बघितलं. मग मागं वळून ती खेकसली, "पाहून काय राह्यल्या वो? घ्या पोट्टे! चाला दवाखान्यात!"

तिघी धावल्या. बाकीच्यांना मी सांगितलं, पोरं उचला, तोंडावर थंड पाणी मारा, चालवा, नाचवा, रडवा, काय वाट्टेल ते करा पण झोपू देऊ नका. यंत्रं कोणी बंद केली ते मला ठाऊक नाही. टापऱ्यांनी तर केली नाहीत.

दवाखान्यात आले तर वामनराव अजून वाकलेले. चेहरा लालबुंद, मोजणं चालू, "सहाशे बारा, सहाशे तेरा..." पार्बता त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांचा घाम पुसत होती. मी नव्या तिघांना हाती घेतलं. दुपारभर आम्ही दोघांनी आळीपाळीनं चार पोरांसाठी श्वास घेतले. चार वाजायच्या सुमाराला शकुननं डोळे उघडले, तोंडाचा मोठा आ केला आणि असा टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. वामनराव स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग उठून घटाघट पाणी प्यायले, माझ्याच लोट्यातलं.

पाचला डॉक्टर बिडकर आले तोवर बाकीची तिघंही रडायला लागली होती. चारही पोरं तपासली, मला शाबासकी दिली आणि लगेच विचारलं, "केसपेपर कुठं आहेत?"

"केले नाहीत."

"बाई, चार विषबाधा! पोलिसांना कळवायला नको?"

"आईला पकडून नेलं तर पोर कोण पाजणार? तुळसाचं पोर आठवतं ना, साहेब?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत बसले. "आठवतं. पण आज लपवलं तर उद्या पाचवं पोर येईल. नाही तर येणारच नाही, घरीच जाईल. लपवून तुम्ही काय मिळवणार?"

ते खरंच होतं. लिहिलं तर पोरं येणार नव्हती, आणि नाही लिहिलं तर अफू थांबणार नव्हती. उद्या सकाळी परत भोंगा वाजणार होता, बुढीच्या कनवटीला अजून तोच गोळा होता. मी उभी राहून विचार केला. मग कपाटाची कडी काढली आणि टाक घेतला.

पार्बता दारात होती. तिनं टाक पाहिला आणि शकुनला छातीशी घट्ट धरलं.

"थांब," मी तिला म्हणाले. "मोठ्यानं वाचते. पटलं नाही तर तूच फाड."

मी लिहिलं आणि वाचलं. "विषबाधा, अफू. देणार कोण? मोठ्या जिनमधल्या सगळ्या आया. कारण..." टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहिलं, "कारण, कारखान्यात पाळणाघर नाही."

पार्बतानं शकुनला खांद्यावर टाकलं, कागदाला हात लावला नाही. डॉक्टरांनी तो हातात घेतला. "हे काय वैद्यकातलं कारण झालं का?"

"मग दुसरं सांगा. मी खोडते."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "पन्नासाच्या वर बाया असल्या तर कायद्यानं पाळणाघर लागतं, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"परीक्षेत दहा मार्कांना होतं. टापऱ्यांच्या मस्टरवर एकोणपन्नास बाया आहेत. बाकीच्या शंभरावर मुकादमाच्या वहीत."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, खाली सही केली आणि म्हणाले, "तीन प्रती करा. एक कारखान्यांच्या इन्स्पेक्टरला."

दिवेलागणीला बनाबुढी पोरं पाहायला आली. शकुनच्या पायाशी बसली आणि हुंदके द्यायला लागली. "चाळीस वर्सं मापलं म्या, बाई. माह्या मापानं एक लेकरू नाई गेलं. दुकानाचा माल इमानाचा होता. आता कोनत्या भरोशानं मापू?"

"मापू नका."

"मंग पोट्टे दिसभर रडतीन."

"रडू द्या. उद्या नखात काही घालायचं नाही. पोरं जागी आणायची, आणि रुईपाशी नाही निजवायची. टापऱ्यांच्या हापिसाच्या ओट्यावर ठेवायची."

बुढीचं रडणं थांबलं. "त्याच्या कानापाशी?"

"अगदी कानापाशी."

"आन कामावरून काढलं तं?"

"हंगाम भरात आहे, बाहेर ऐंशी गाड्या उभ्या आहेत. दीडशे बाया कुठून आणणार तो एका दिवसात? पण सगळ्या आल्या तरच. चार-पाच आल्या तर आपण मेलो."

बुढीनं कनवटीचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. "सप्पा येतीन," ती म्हणाली. मी तो तिच्यादेखत चुलीत घातला.

खरं सांगते, मला खात्री नव्हती. ज्या बाया काल माझ्या टाकाला भीत होत्या, त्या आज माझ्या शब्दावर पोटाची भाकरी पणाला का लावतील? सकाळी साडेसहाला मी जिनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. कोणी नाही. पावणेसात, तरी कोणी नाही. मग वळणावरून आधी आवाज आला. पोरांचा. नखाशिवाय उठवून आणलेली, पेंगुळलेली, चिडलेली पोरं, आणि त्यांच्या आया. पुढं बनाबुढी, तिच्या मागं पार्बता, कडेवर शकुन.

भोंगा वाजला. एकेकीनं पोर ओट्यावर ठेवलं आणि पायरीखाली उभी राहिली. आणि मग जे सुरू झालं! एकानं गळा काढला की दुसरं काढायचं, दुसऱ्याचं ऐकून दहा. अफूवर वाढलेली पोरं ती, न दिल्यावर पाय झाडून झाडून रडतात. ओट्यावरून, खिडकीतून, दारातून नुसता आकांत. गाडीवाले गाड्या सोडून बघायला आले. बैलसुद्धा बिथरले.

टापरे कानावर हात धरून बाहेर आले. "बाई, हा काय तमाशा आहे?"

"तुमच्या जिनचा हाच आवाज आहे, साहेब. इतकी वर्षं अफू देऊन दाबला होता."

"काय?" त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"म्हटलं, पोरं मोजा!"

"मी कशाला मोजू?"

"मग मी मोजते." आणि मी ओट्याच्या एका टोकापासून मोठ्यानं मोजायला लागले. बायाही माझ्याबरोबर मोजायला लागल्या, गाडीवालेही. शेवटचं शकुनचं डोकं. "त्रेपन्न! टापरेसाहेब, तुमच्या मस्टरवर बाया एकोणपन्नास. एकोणपन्नास बायांना त्रेपन्न कडेवरची पोरं झाली कशी हो? वऱ्हाडचं पाणी एवढं चांगलं आहे का?"

गाडीवाले खो खो हसले. टापऱ्यांचा गोडवा संपला. त्यांनी माणूस पाठवून जमादाराला बोलावलं. जमादार आला, त्याच्यामागं डॉक्टर बिडकरही आले, हातात केसपेपरची प्रत.

"अफूची केस आहे ना? धरा," टापरे म्हणाले. "सगळं गाव जाणतं, या बाया अफू चारतात. धरा म्हणजे वठणीवर येतील."

जमादारानं डॉक्टरांकडून कागद घेतला, ओठ हलवत वाचला. मग डोकं खाजवलं. "सगळ्या आया, असं लिवलंय. अफू कोनी देल्ली, बाप्पा?"

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. मला वाटलं, आता फुटल्या. मग पार्बतानं उजवा हात वर केला, नुसती करंगळी. तिच्या शेजारणीनं केला. मग पायरीखाली करंगळ्याच करंगळ्या. बनाबुढीनं तर दोन्ही हात वर केले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसतही नव्हते.

"माह्यापाशी बेड्यायची एकच जोडी हाय," जमादार म्हणाला. "आन एवढे लेकरं चौकीत ठेवून मी काय पाजू, चहा?" त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "कारनात पाळनाघर लिवलंय, टापरेसाहेब. थ्याच्यासाठी इन्स्पेक्टर येते, मी नाई."

"एक प्रत कालच्याच टपालानं गेलीय," डॉक्टर सहज बोलल्यासारखं बोलले.

टापऱ्यांनी बाहेरच्या गाड्यांकडं पाहिलं. ऐंशीच्या नव्वद झाल्या होत्या. "काय पाहिजे तुम्हाला?"

"ते रिकामं सरकीचं गोदाम. पाण्याचा रांजण. आणि पोरांजवळ बसायला दोन बाया, जिनच्या पगारावर."

"सेठना विचारावं लागेल. दोन-चार दिवसांत बघतो."

"बघा. सावकाश बघा. पोरं आहेतच सोबतीला." आणि मी ओट्यावर पोरांमध्ये बसकण मारली. बाया खाली बसल्या.

दहा वाजता टापऱ्यांनी किल्ली आणून माझ्या हातात दिली. हातात म्हणजे काय, फेकलीच. मी झेलली.

बायांनी जल्लोष केला, गोदाम झाडायला धावल्या. एक बाई बनाबुढी, हे कोणी न बोलता ठरलं. दुसरी कोण, हे माझ्या मनात आदल्या रात्रीच ठरलं होतं. पण ते माझ्या हातात नव्हतं. मी किल्ली घेऊन गावाच्या टोकाला तुळसाच्या झोपडीशी गेले. महिनाभर तो रस्ता मी टाळला होता.

तुळसा दारात बसून तुरी पाखडत होती. मला पाहिलं, पण सूप थांबवलं नाही.

"तुळसा, जिनमध्ये पाळणाघर झालंय. पोरं सांभाळायला बाई हवी. पगार आहे."

सूप वर-खाली होत राहिलं.

"मी त्या दिवशी..." एवढंच बोलले आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. "मी तो कागद लिहिला नसता तर तुझं पोर तुझ्याजवळ असतं. मला माफ कर ग."

आता तिनं सूप खाली ठेवलं. "थे नाई होनार, बाई. मांगूच नका."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि वळले.

"किती लेकरं हायेत?" तिनं मागून विचारलं.

"त्रेपन्न."

"अंगावर पेते किती?"

"एकतीस."

तिनं उठून पदर खोचला, किल्ली उचलली. "मंग त्यायच्या मायले मधातून दोन डाव सोडा लागन, पाजाले. सांगलं काय टापऱ्याले?"

नव्हतं सांगितलं. गोदाम मागितलं, रांजण मागितला, पगार मागितला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी जाते गोदामात," तुळसा म्हणाली. "तुमी पयले जाऊन थे सांगा. दुधावाचून लेकरू वाचत नाई, बाई."